सोनं आलं, घोडा नाही आला

बाबा,

भेटायला येणारे लोक आधी तुमच्याबद्दल बोलतात आणि मग कुणीतरी शेवंतीचा विषय काढतो. "घोडी गेली तवाच प्रल्हादभाऊ अर्धे गेले होते," असं म्हणतात. आई मान डोलावते. मला ते पटत नाही आणि चारचौघांत खोडताही येत नाही. शेवंती गेल्यानंतर तुम्ही जितके हिंडलात, जितकं लोकांचं ऐकून घेतलंत, तितकं आधी कधी केलं नव्हतं. अर्ध्या माणसाकडून एवढं होत नाही. बैठकीत हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

शिवाय आपलं एक भांडण मिटायचं राहिलं. तुम्ही मध्येच उठून गेलात.

घोडीचं वेड तुम्हाला कुठून लागलं ते मला आईकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. आजोबांच्या लग्नात गावानं त्यांची वरात चावडीसमोरून घोडीवर जाऊ दिली नाही. आजोबा खाली उतरले, पायी गेले, आणि लवकरच गाव सोडून बडनेऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामाला लागले. तुम्हालाही त्यांनी रेल्वेतच चिकटवायचं ठरवलं होतं. तुम्ही घोडी घेतलीत. वस्तीतल्या कुणाची वरात अशा एखाद्या गावात जायची असली, की तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवायचा नाहीत. स्वतः दोर हातात धरून घोडीच्या पुढं चालायचात. कुणी आडवा आला तर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "काई नाई. उभा राहतो. घोडी बी उभी राहते. मंग त्याईलेच कंटाळा येते," एवढंच तुम्ही म्हणालात.

शेवंती ही तुमची शेवटची घोडी. पांढरी, कानांच्या टोकाशी थोडी करडी. बँड सुरू झाला की ती आपसूक पाय उचलायची, आणि नवरदेव घाबरून खोगिराला धरून बसलेला असला की चाल हळू करायची. हे आपण शिकवलं नाही, असं तुम्हीच म्हणायचात. मी अकोल्याच्या शाळेत मुलांना खेळ शिकवते, रोज गाडीनं जाते-येते. संध्याकाळी स्टेशनवरून घरी आले की चहाआधी तिच्याजवळ जायचे. ती माझ्या ओढणीत तोंड खुपसायची आणि तुम्ही म्हणायचात, "पाय, तुयीच वाट पाहून राहिली होती." माझ्या लग्नाचा विषय घरात निघाला की आई रडायची. तुम्ही मात्र इतक्या लोकांच्या वराती नेल्यात आणि मला एका शब्दानं कधी टोचलं नाहीत. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

दोन वर्षांमागं श्रावणात जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर मॅडम आल्या आणि वस्तीतल्या सगळ्या घोड्यांचं रक्त घेऊन गेल्या. दरवेळचीच तपासणी, असं त्या म्हणाल्या. गणपती बसले आणि त्या परत आल्या. या वेळी चपला बाहेर काढून ओट्यावरच बसल्या. शेवंतीच्या रक्तात ग्लँडर्स निघाला होता. हा घोड्यांचा जुना, वाईट रोग. एका घोड्यापासून दुसऱ्याला होतो, माणसालाही होतो. त्यावर औषध करत नाहीत, जनावर संपवतात. रक्त पुन्हा एकदा बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होतं. तिथूनही तेच आलं तर इलाज नव्हता. तोवर शेवंतीला दाराबाहेर काढायचं नाही, आणि तिचं खाणं-पिणं, झाडलोट हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून करायची.

तुम्ही मॅडमना तबेल्याच्या दाराशी नेलंत. "हे पाहा, नाक कोरडं हाय, खोकला नाई, चंदी पुरी खाते. हिले काय झालं?"

मॅडम म्हणाल्या, वरून दिसत नाही, आत असतं. त्या वयानं माझ्याहूनही लहान. बोलताना त्यांचा आवाज कापत होता, आणि त्यांना सावरायला तुम्ही आईला चहा ठेवायला सांगितलंत. चहा झाल्यावर तुम्ही तबेल्याच्या दाराला लाकडी आडणा घातला आणि बाजूलाच पोतं अंथरून बसलात. त्या दिवसापासून तुमची जागा तीच झाली. आतमध्ये ती, बाहेर तुम्ही. आई जेवण तिथंच आणून द्यायची.

त्याच दिवसांत आशियाई स्पर्धेत आपल्या देशाला घोडेस्वारीत सुवर्ण मिळालं. चाळीसेक वर्षांनी असं सोनं आलं म्हणून बातम्यांमध्ये तेच चाललं होतं. मुख्याध्यापकांनी मला शाळेत मुलांसमोर त्यावर बोलायला लावलं. मी बोलले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही खरंच आनंद झाला होता, बाबा. चार जणांचा संघ, त्यात दोन मुली. आपल्याकडे घोडेस्वारी म्हटलं की लोकांना एक तर लष्कर आठवतं नाही तर वरात. मी गाडीत बसल्याबसल्या मोबाईलवर तो खेळ पुन्हा पुन्हा पाहिला. तुम्हाला दाखवायचा म्हणून घाईनं घरी आले.

तुम्ही पोत्यावर बसून पाहिलंत. मोठं रेतीचं मैदान, एकच घोडा, एकच स्वार. घोडा तिरपा चालतो, जागच्या जागी टापा टाकतो, थांबतो, वळतो. स्वाराचा हात हललेला दिसत नाही. मला वाटलं तुम्ही म्हणाल, हे तर आपली शेवंतीही करते. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. बराच वेळ पाहून म्हणालात, "हा घोडा भेलेला नाई. पाठीवरच्याचं मन त्याले समजून राहिलं. याले लय वर्सं लागले असतीन."

मग विचारलंत, "घोडा कुठचा?"

मी सांगितलं, तिकडचाच. युरोपातला. आपले स्वार तिकडं जाऊन राहतात, तिकडच्याच तबेल्यात त्या घोड्यांसोबत शिकतात. घरदार सोडून वर्षानुवर्षं काढतात.

"इथून काहून नाई नेत घोडे?"

ते मला माहीत नव्हतं. शाळेतल्या भाषणात मी ते सांगितलंच नव्हतं. मी तिथंच मोबाईलवर शोधून वाचलं. आपल्या देशात घोड्यांचे काही रोग आहेत म्हणून बाहेरचे देश आपले घोडे सहजी घेत नाहीत. त्या रोगांच्या नावांत शेवंतीच्या रोगाचं नाव होतं. मी ते तुमच्यापासून लपवू शकले असते. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी सांगून टाकलं.

"म्हंजे मायी घोडी इथं बसली म्हून देशाचा घोडा इथं अडकला?"

तसं नाही बाबा, मी म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत. पुढं विचारलंत की त्या सोन्याच्या घोड्याला हे लोक आता घरी आणतील का, लोकांना दाखवायला. मी म्हणाले, इथं आणला तर परत नेणं अवघड. तुम्ही मोबाईल माझ्या हातात दिलात.

"मंग तो बी अडकलाच न्. जिंकून बी घरी येऊ शकत नाई."

इथंच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, सोनं ते सोनं, झेंडा आपलाच वर गेला, त्या मुलांनी आईबापापासून लांब राहून ते मिळवलं, तुम्ही त्यात खोट काढू नका. तुम्ही म्हणालात, पोरांत खोट नाही, पोरांना सलाम आहे. पण आपलं सोनं आपल्या घोड्यानं आणलं नाही. मी म्हणाले, घोड्याला कुठला देश असतो? तुम्ही म्हणालात, "देश नाई, पन घर असते." मला राग आला होता. इतक्या वाईट दिवसांत एक चांगली गोष्ट आणली होती मी तुमच्यासाठी, आणि तीही तुम्ही या आडण्याच्या आत कोंडून टाकलीत असं वाटलं.

विसर्जनाच्या संध्याकाळी आपल्या गल्लीतून मिरवणूक निघाली. बँड अजून वळणावरच होता आणि आत शेवंतीनं कान टवकारले. मग तिनं पाय उचलायला सुरुवात केली. त्या एवढ्याशा जागेत, भिंतीला अंग घासत, एक-एक पाय वर. दरवर्षी या मिरवणुकीत ती पुढं असायची. तुम्ही उठलात, गल्लीच्या तोंडाशी जाऊन मंडळाच्या पोरांशी काहीतरी बोललात. त्यांनी वाजवणं थांबवलं. सगळी मिरवणूक आपल्या दारावरून मुकाट गेली. पोरांनी जाता जाता तबेल्याकडे पाहून हात जोडले.

पण शेवंती थांबली नाही. आवाज बंद झाल्यावर ती जास्तच बेचैन झाली, दाराला छाती लावून उभी राहिली, खिंकाळत राहिली. तुम्ही आडण्यावर कपाळ टेकवलंत. "वाजू द्याले पाह्यजे होतं," असं म्हणालात. तेव्हा तुमच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं. ठेवला नाही. आपल्या घरात तशी पद्धत नाही.

दुसरा अहवाल दसऱ्याच्या आत आला. तोच.

त्या सकाळी मॅडम माणसं घेऊन आल्या. गावाबाहेर खड्डा खणून झाला होता, चुन्याच्या गोण्या टाकल्या होत्या. मॅडमनी सांगितलं की मालकानं थांबलंच पाहिजे असं नाही. तुम्ही म्हणालात, दोर मीच धरीन. त्यांनी तुम्हाला पांढरा अंगरखा दिला, हातमोजे, मुखपट्टी. शेवंतीनं तुम्हाला त्या कपड्यात ओळखलं नाही आणि ती मागं सरली. मग तुम्ही तिच्याशी बोललात आणि ती पुढं आली. तुम्ही एकच मागणं केलंत. घमेल्यात चंदी शिल्लक होती. ती खाऊन होऊ द्या. सगळे थांबले. मॅडमही सुई हातात घेऊन थांबल्या. ती सावकाश खात होती, तिला कसलीच घाई नव्हती. मी आईचा हात धरून ओट्यावर उभी होते. त्या मॅडमचा मला तेव्हा द्वेष वाटत होता आणि तो तुम्हाला का वाटत नाही हे कळत नव्हतं. खाणं झालं. तुम्ही तिचं तोंड आपल्या छातीशी घेतलंत आणि मॅडमकडे पाहून मान हलवलीत.

त्यानंतर आपलं सगळ्यांचं रक्त तपासलं. कुणाला काही निघालं नाही. पण आसपासच्या भागात घोड्यांची ने-आण बंद झाली होती आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार होते. बाकीचे घोडेवाले दारावर येऊन बोलून गेले. तुयी एक गेली, आमच्या सगळ्या बांधून ठेवल्या, असं म्हणाले. त्या हिवाळ्यात तुम्ही रिकाम्या तबेल्यासमोरच बसून राहायचात, तेव्हा लोक म्हणतात तसं मलाही वाटलं होतं की हा माणूस आता संपला.

मग एक दिवस मॅडम गाडीवरून आल्या. गावोगावी लोक घोडे लपवत होते. यांची गाडी दिसली की घोडं मागच्या शेतात, नाहीतर पाहुण्याच्या गावी. मॅडम तुमच्याकडे काही मागायला आल्या नव्हत्या, दमून बसायला आल्या होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत, चपला घातल्या आणि म्हणालात, चाला.

मी एका रविवारी सोबत आले होते. मला वाटलं होतं तुम्ही लोकांना समजावून सांगत असाल. तुम्ही काहीच समजावत नव्हता. दारात उभे राहायचात आणि म्हणायचात, "मायी गेली. तुयी जाऊ नोय म्हून आलो." कुणी दार उघडायचं. कुणी नाही. उघडलं की तुम्ही घोड्याच्या मानेवरून हात फिरवत बसायचात, मॅडम रक्त घ्यायच्या. अंजनगाव सुर्जीच्या वासुदेवभाऊंनी तर दरवेळी हाकललं. घोडा इथं नाही म्हणायचे, आणि आतून खिंकाळणं ऐकू यायचं. एकदा भर रस्त्यात म्हणाले की तुझी मेली म्हणून तू आता सरकारचा माणूस होऊन आमच्या मारायला निघालास. तुम्ही घरी येऊन जेवलात, हात धुतलेत आणि मला म्हणालात, "त्याचा घोडा चांगला हाय. आवाजावरून समजते."

या आषाढात तुमचं छातीचं दुखणं वाढलं. तुम्ही खाटेवर होता आणि मी बातमी घेऊन आले. उत्तरेत एका लष्करी छावणीत घोड्यांसाठी रोगापासून राखलेली जागा तयार झाली होती. बाहेरचा घोडा आत नाही, आतला असाच बाहेर नाही, सगळी तपासणी कडक. जगानं ती जागा मान्य केली. आता तिथले घोडे परदेशात खेळायला जाऊ शकतील. आपले घोडे, बाबा. इथले. मी तुमच्याशी भांडलेले असले तरी मनातून वाट याचीच पाहत होते.

तुम्हाला आनंद झाला. डोळे बदलले तुमचे. उशी मागितलीत, बसलात, पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलंत. मग विचारलंत, "त्या कुंपनात किती घोडे मावतीन?"

मी म्हणाले, थोडेच असतील.

"अन् बाकीचे?"

मी म्हणाले, सुरुवात तर झाली. तुम्ही म्हणालात, "सुरुवात झाली हे खरं. पन बाप्पा, आपन कुंपनाच्या बाह्यरच राह्यलो." मी म्हणाले, तुम्हाला प्रत्येक चांगल्या गोष्टीत भिंतच का दिसते? तुम्ही हसलात. खोकला आला. "उद्या बोलू," म्हणालात. माझी सकाळची गाडी होती. अकोल्याला पोचले आणि शाळेच्या फाटकातच आईचा फोन आला.

मी काय बोलणार होते ते ठरवलं होतं, बाबा. मी म्हणणार होते की ते कुंपण आहे म्हणूनच तर पुढं कुणीतरी म्हणेल की ते थोडं मोठं करा. गावोगाव दारात उभं राहून तुम्ही तेच तर करत होता. मी म्हणणार होते की ते सोनं जिंकणारी पोरं आणि तुम्ही एकाच कामातले. तुम्ही यावर काय बोलला असता ते मला सुचत नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तुमची उत्तरं करून पाहिली. एकही तुमच्यासारखं जमलं नाही.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाला वस्ती लोटली होती. वंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगत होते तेव्हा वासुदेवभाऊ आले. एकटेच. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, फुलं वाहिली आणि कोपऱ्यात बसून राहिले. सगळे गेल्यावर मला म्हणाले, बेटा, जरा बाहेर ये.

त्यांच्या घोड्याच्या नाकातून पाणी येत होतं. आता घट्ट येतंय, खायचं कमी झालंय. त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पुतण्याचं लग्न आहे आणि तो त्याच घोड्यावर बसणार आहे. सगळ्या भागातले घोडेवाले त्यांच्या नात्यातले, ओळखीतले. ते मला विचारत होते की साधी सर्दी असेल का.

मला ते कसं कळणार? कदाचित असेलही. मी त्यांना तसं म्हणाले असते तर ते उठून गेले असते, मीही आत येऊन भांडी आवरली असती. पण फोन केला तर काय होणार हेही मला माहीत होतं. पुन्हा मुहूर्तांच्या दिवसांत सगळ्यांचे घोडे बांधून पडणार, आणि या वेळी ते सगळे वासुदेवभाऊंच्या दारावर येणार.

मी म्हणाले, "भाऊ, मी मॅडमले फोन लावतो. तुमी समोर बसा."

ते म्हणाले, "त्यासाठीच तं आलो. मले लावता येत नोयता."

मॅडम आज सकाळी अंजनगावला गेल्या. मी शाळेत रजा टाकली आणि त्यांच्या गाडीवर मागं बसून गेले. मला काही करायचं नव्हतं, आत जायचीही परवानगी नव्हती. तांबडा, उंच घोडा. तुम्ही आवाजावरून ओळखला होता तसाच. रक्त घेऊन झाल्यावर वासुदेवभाऊंनी फाटक लावलं, साखळी घातली आणि मला म्हणाले, "प्रल्हादभाऊ असते तं बसले असते इथं."

मग त्यांच्या बायकोनं दोन खुर्च्या आणून फाटकाशी ठेवल्या. मी दुपारच्या एसटीनं परत येणार होते, बाबा. संध्याकाळपर्यंत बसले.